साधा असर्ट

पायथनमधली युनिटटेस्टवर लिहिलेली जुनी चाचणी उघडली की आधी डोळ्यांत भरतो तो तिचा परका बाज. प्रत्येक क्लास टेस्टकेसचा वारस, सेटअप-टिअरडाउनमध्ये मधलंच अक्षर मोठं, आणि असर्टईक्वल, असर्टइन, असर्टइझनन अशी सगळी पलटण. हे वळण पायथनचं नव्हेच. केंट बेकने स्मॉलटॉकसाठी एसयुनिट बांधलं, त्यावरून जावाचं जेयुनिट झालं, आणि त्याच घराण्यातली युनिटटेस्ट 2001 साली पायथन 2.1 बरोबर मानक लायब्ररीत आली.

तीच चाचणी पायटेस्ट या दुसऱ्या चाचणी-चौकटीवर आणली की पलटणीतला एकच शिपाई उरतो: असर्ट व्याज == 750. एरवी हा असर्ट मुखदुर्बळ. खोटा ठरला तर नुसती असर्शनएरर फेकतो. व्याज किती आलं, त्याचा पत्ता नाही. पायटेस्ट मात्र चाचणीची फाइल इम्पोर्ट होतानाच तिच्या सिंटॅक्स ट्रीमधले असर्ट नव्याने रचून घेते. मग चाचणी पडली की दोन्ही बाजूंच्या किमती समोर येतात. इतकी उलाढाल आत होते आणि लिहिणाऱ्याच्या ओळीवर तिचा ओरखडाही नसतो, याची मला अजून मौज वाटते.

फिक्स्चरची गंमत वेगळी. फंक्शनच्या कंसात ‘खाते’ लिहिलं की त्या नावाचं फिक्स्चर शोधून हाती दिलं जातं. चाचणीला काय लागतं ते पहिल्याच ओळीत कळतं. यील्डच्या आधी मांडामांड, नंतर आवराआवर, दोन्ही शेजारी. ऑटोयूज लावून सगळं कॉन्फटेस्टमध्ये दडपणाऱ्यांनी मात्र हे सुख घालवलंय.

स्थलांतराला घाई नसते, कारण पायटेस्ट म्हणजे जुन्या भाडेकरूंसकट घेतलेला वाडा: टेस्टकेसचे क्लास जसेच्या तसे चालतात. फक्त त्यांच्या मेथडना फिक्स्चर कंसातून मिळत नाही, पॅरामेट्राइझही नाही.

खरं वाचन लागतं ते असर्टऑलमोस्टईक्वलपाशी. ती दोन संख्यांमधला फरक सात दशांश स्थळांपर्यंत तपासते. तिच्या जागी डोळे झाकून पायटेस्टचं अप्रॉक्स ठेवलं, तर ते संख्येच्या दहा लाखाव्या भागाइतकी सूट देते. म्हणजे 10,00,000 रुपयांच्या शिलकीत एका रुपयाची चूक झाली तरी चाचणी हिरवीच! शोधा-आणि-बदला करणाऱ्याला हे दिसत नाही. जाणकार तिथे एबीएस=0.005 लिहितो. नुसतं एबीएस दिलं की ती प्रमाणातली सूट रद्द होते, आणि पैशाचा हिशेब पैशातच होतो. भल्यामोठ्या डिफमध्ये मी आधी हीच ओळ शोधतो.