काठावर कोण उभे आहे?

एखादे पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी आले, असे कोणी सांगितले की आपण ती त्या पुस्तकाची स्तुती समजतो. टीकाकार मात्र जरा बिचकतो. पाणी कांद्यानेही येते, हे त्याला विसरता येत नाही. जेफ लेमीर ह्या कॅनडातील लेखक-चित्रकाराच्या ‘द अंडरवॉटर वेल्डर’ ह्या चित्रकादंबरीबद्दल बोलताना ही अडचण पहिल्यापासूनच उभी राहते. २०१२ साली निघालेल्या ह्या पुस्तकाने पुष्कळांना रडवले आहे, आणि पुष्कळांना ‘हे सारे आम्ही आधीच ओळखले होते’ असेही म्हणायला लावले आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात जॅक जोसेफ राहतो. समुद्रातून तेल काढण्यासाठी जे लोखंडी मनोरे उभारतात, त्यांचे सांधे पाण्याखाली उतरून वेल्डिंगने जोडायचे, हे त्याचे काम. बायको सुसान गरोदर आहे. दिवस भरत आले आहेत. जॅकचा बापही पाणबुड्या होता. समुद्रतळाची बुडालेली चीजवस्तू धुंडाळणारा, दारूच्या आहारी गेलेला, मुलाला दिलेले शब्द मोडणारा, आणि तरीही मुलाला जगात सर्वांत मोठा वाटणारा असा तो माणूस. जॅक लहान असताना हॅलोविनच्या रात्री तो समुद्रावर गेला, तो परतलाच नाही. आता स्वतः बाप व्हायची वेळ आली, तेव्हा जॅकला तळाशी कसलीशी चाहूल लागते आणि घर सोडून तो पुन्हा पुन्हा पाण्याकडे ओढला जातो. एकदा तो वर येतो, तर सबंध गाव निर्मनुष्य! पुढचे सांगत नाही. ज्याचे त्याने वाचावे.

पुस्तकाला ‘लॉस्ट’ ह्या दूरदर्शन मालिकेचे एक जनक डेमन लिंडेलॉफ ह्यांची प्रस्तावना आहे. त्यांना हे पुस्तक म्हणजे ‘द ट्वायलाइट झोन’चा कधीही न निघालेला भाग वाटला. १९५९ ते १९६४ ह्या काळात अमेरिकेत गाजलेली ही अद्भुतकथांची मालिका. ही तुलना स्तुतीची खरी, पण तिने पुस्तकाचे थोडे नुकसानही केले असावे. वाचक चमत्काराची आणि शेवटच्या धक्क्याची वाट पाहू लागतो. धक्का बेताचाच निघाला की हिरमुसतो. वास्तविक आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राचे पुढे काय होणार, हे ठाऊक असतेच. तो तेवढ्यासाठी बसलेला नसतो. ‘आधीच ओळखले होते’ हा आक्षेप म्हणूनच मला फारसा वजनदार वाटत नाही.

दुसरी तक्रार अशी, की ह्यात वाचण्यासारखे आहे काय? आमच्या शाळेतील एका सहकाऱ्यांनी हे दोनशेंवर पानांचे पुस्तक एका मोकळ्या तासात संपवून परत केले. शब्द थोडे म्हणजे वाचन थोडे, असा त्यांचा हिशेब. मी माझ्या मॅट्रिकपुरत्या इंग्रजीवर ते वाचले, आणि मला तीन संध्याकाळी लागल्या. काळी शाई आणि पाणी मिसळून केलेल्या करड्या छटा, एवढेच ह्या चित्रकाराचे भांडवल. रेघ खरबरीत, माणसांचे चेहरे ओबडधोबड. पण जॅक खाली खाली उतरतो तेव्हा शब्द गळून पडतात, आणि आपण किती वेळ थांबायचे हे पुस्तक सांगत नाही. ते आपणच ठरवायचे असते. घाईने पाने उलटणाऱ्याला तिथे नुसते पाणी दिसते.

रडणाऱ्या वाचकांचे मात्र मला पटते, आणि त्याचे कारण आपल्या सणातच सापडते. घरातले माणूस गेले की त्या वर्षी आपण दिवाळीचे तळण करीत नाही. शेजारपाजारची मंडळी फराळाचे ताट आणून देतात. वर्षश्राद्ध झाले की पुढच्या दिवाळीला त्याच घरी पुन्हा कढई चढते. दुःखाला मुदत घालून देण्याची ही रीत शहाणपणाची आहे. पण तिला आधी काहीतरी संपल्याची खूण लागते. जॅकचा बाप समुद्राने परत दिलेला नाही. गेला म्हणावे तर देह नाही, येईल म्हणावे तर वर्षे उलटली. बाप गेला तो मुलांच्या आनंदाच्या रात्रीच. त्यामुळे त्या मुलासाठी तो सण तिथेच थांबला. लेमीरने समुद्र काढला आहे तो ह्या न संपणाऱ्या वाट पाहण्यासाठी, आणि इथे तो खरोखर यशस्वी झाला आहे.

आता तिसरा आक्षेप. तो मला टाळता येत नाही. पुस्तक आमच्या घरी टेबलावर पडले होते. सौभाग्यवतींनी ते दुपारी चाळले. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही, चित्रांवरूनच त्यांनी गोष्ट लावली. रात्री त्यांनी एवढेच विचारले, “हिचे दिवस भरलेत आणि हा पाण्यात. तेवढ्या वेळात ही काय करत होती, ते कुठे आहे?”

मी पुन्हा पाने उलटून पाहिली. सुसान आहे. ती समजावते, चिडते, वाट पाहते. पण जॅकच्या मौनाला चित्रकाराने जी पानेच्या पाने दिली, तशी तिच्या मौनाला दिली नाहीत. बापावाचून वाढलेल्या मुलाचे दुःख सांगताना दुसऱ्या एका मुलाच्या आईला त्याने काठावर उभे करून ठेवले. इतर वाचकांनीही ही उणीव बोलून दाखवली आहे, आणि ती खरी आहे. जॅकच्या बापाचा दोष लेखकाला पुरता दिसतो. जॅकचा दोष मात्र तो मायेने झाकून घेतो.

हे लिहिताना माझा हात अडखळला, हेही सांगितले पाहिजे. माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांतले नायक रात्रीबेरात्री कुठेकुठे भटकून येतात आणि त्यांच्या बायका दारात उभ्या असतात. त्या तिथे किती वेळ उभ्या होत्या, चुलीवरचे काय झाले, मूल कोणी निजवले, हे मी कधी लिहिले नाही. कोणी विचारलेही नव्हते.

पुस्तक वाचावे असेच आहे. मात्र एकट्याने वाचून ठेवून देऊ नये. घरातल्या आणखी एका माणसाच्या हाती द्यावे, आणि ते काय विचारते ते ऐकावे.