'ऋतुचक्र' : ग्वाल्हेरहून वाचताना

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. मराठी ललित गद्यातले त्याचे स्थान वादातीत आहे, आणि ते मलाही मान्य आहे. तरी आम्हां ग्वाल्हेरकर मराठी मंडळींना ते वाचताना एक अडचण येते. ती महिन्यांची!

पुस्तक चैत्र ते फाल्गुन असे चालते. हे महिने आपल्या पंचांगातले, अमावास्येला संपणारे. आमच्या हिंदी शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत्र लागतो. आमचा फाल्गुन अजून पंधरा दिवस उरलेला असतो. महाशिवरात्र आमच्या माघात, त्यांच्या फाल्गुनात. काटेसावर फुलली ती कोणत्या महिन्यात, याचे उत्तर माझे मराठी विद्यार्थी कधी आजीच्या पंचांगाने देतात, कधी मित्राच्या. दोघांनाही मी गुण देतो. (बेळगाव-बिदरच्या वाचकांना हा घोळ नाही, कानडी महिनाही अमावास्येलाच संपतो.)

पण माझा खरा आक्षेप थंडीविषयी आहे. दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा, १९१० सालचा. निरीक्षण मात्र मुख्यतः मुंबईकडचे. तिथे पौष-माघ म्हणजे सुखाचे दिवस. इकडे धुके दुपारपर्यंत हलत नाही आणि पारा कधी दोन-तीन अंशांवर येतो. 'पाला पडला' हे ऐकून पुण्याचा पाहुणा पानगळ समजतो. आम्ही दव गोठून करपलेला वाटाणा समजतो. चंबळेतले घडियाल तेव्हा तासन् तास वाळूवर उन्हात पडून असतात. थंड रक्ताच्या प्राण्याला ऊब बाहेरूनच घ्यावी लागते, खाणेही बेताचेच. पण त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो तो याच गारठ्यात, आणि मार्च-एप्रिलात माद्या वाळूत अंडी घालतात. उलट डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून इथे येतात. त्यांना आमचीच थंडी ऊबदार!

हे सोसणे 'ऋतुचक्रा'त मला पुरेसे भेटत नाही. चैत्राने आरंभ केल्यामुळे वसंत आधी हाती येतो आणि शिशिर शेवटच्या पानांत जातो. पंचांगाच्या दृष्टीने हे रास्तच आहे. वाचकाच्या दृष्टीने नव्हे. म्हणून घरी मुलांना मी हे पुस्तक मार्गशीर्षापासून वाचून दाखवतो. फाल्गुन संपला की मगच पहिले प्रकरण उघडतो. दुर्गाबाईंची पाने इतकी भक्कम आहेत, की ही उलटापालट ती सहज सोसतात.