सव्वीस कळा आणि आपली लिपी

रिलायन्स जिओने ५ जुलै २०१८ रोजी ‘जिओफोन २’ जाहीर केला आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टपासून तो २,९९९ रुपयांस विकावयास काढला, तेव्हा आम्हांस नवल वाटले ते त्याच्या किमतीचे नव्हे. सारे जग काचेवर बोटे फिरवू लागले असताना स्वस्तातल्या फोनवर पुरता क्वेर्टी कळफलक बसवावा, ह्याचे ते नवल होते. ब्लॅकबेरीच्या भरभराटीच्या दिवसांत असा कळफलक बड्या साहेबांच्या आणि बड्या वकिलांच्या हाती दिसे. येथे तो सामान्य प्रपंची माणसाच्या आवाक्यात आला. ही गोष्ट चांगली झाली, असे आमचे मत तेव्हाही होते. आज त्यास काही पुरवणी जोडणे प्राप्त आहे.

ह्या फोनची परीक्षा आम्ही केली ती आमच्या मामांच्या हातून. मामा फोंडे तालुक्यातील एका देवस्थानचे महाजन; समितीचे चिटणीसपणही त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. वय ऐंशीच्या घरात, आणि उजव्या हातास कंप. त्यांना आम्ही आधी एक चांगल्या किमतीचा काचेचा फोन आणून दिला होता. तो आठ दिवसांत परत आला. लिहावयास जावे एक आणि उमटावे दुसरेच. एकदा तर अर्धाच निरोप साऱ्या समितीस जाऊन पोचला. दोष फोनचा नव्हता. काचेला बोटाचा नुसता स्पर्श पुरतो, त्यामुळे थरथरता हात जितक्या वेळा टेकेल तितकी अक्षरे ती निमूटपणे नोंदविते. कळीचे तसे नाही. तिच्यावर बोट टेकले, घसरले, विसावले तरी चालते. ती खाली दाबल्यावाचून अक्षर उमटत नाही. शिवाय कळीची कड बोटाला लागते, म्हणून नजर अधू झाली तरी जागा सापडते. टंकलेखनाचे यंत्र वापरलेल्या पिढीस हे समजावून सांगावे लागत नाही.

कोणी म्हणेल, मग बोलून लिहवावे, किंवा नातवाकडून लिहवून घ्यावे. नातू लिहून देईही. परंतु प्रत्येक निरोपासाठी मुखत्यार नेमण्याची पाळी ज्याच्यावर येते, तो हळूहळू निरोप पाठविणेच सोडतो, हे आम्ही मामांच्या बाबतीत पाहिले. बहिणीच्या आजारपणाची विचारपूस कोणी नातवासमोर मोठ्याने उच्चारून करीत नसतो. हा फोन हाती आल्यावर मामा पुन्हा स्वतः लिहू लागले. ह्या एका गुणापुढे २,९९९ रुपये ही रक्कम आम्ही अल्प समजतो.

आता उणिवा. २.४ इंचांचा पडदा, तोही आडवा. त्यावर मराठी मजकूर वाचणे हे काम जिकिरीचे. आपल्या ओळीस वर वेलांटी व मात्रा, खाली उकार व जोडाक्षराचे पाय लागतात. म्हणजे रोमन ओळीपेक्षा उंची अधिक हवी, आणि उंचीच येथे कमी. एखादा न्यायनिर्णय त्यावर वाचण्याचा आम्ही एकदा प्रयत्न केला. पुन्हा केला नाही. व्हॉट्सअ‍ॅप सप्टेंबर २०१८ मध्ये ह्या फोनवर आले खरे, परंतु जून २०२४ मध्ये काईओएसच्या भांडारातून ते काढून घेण्यात आले. यंत्राच्या कळा शाबूत आणि त्यामागचे दार बंद, ही अवस्था ग्राहकाच्या दोषावाचून ओढवली.

परंतु खरी उणीव लिपीची. भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट नावाची प्रमाण मांडणी आहे, आय. एस. १३१९४ ह्या १९९१ च्या मानकात ती अंतर्भूत झाली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी ती मोठी सुबुद्ध रचना आहे. मात्र तिने रोमन अक्षरांच्या सव्वीस कळांपलीकडच्या, विरामचिन्हांच्या कळाही वापरात घेतल्या आहेत. च, छ, ट, ठ, ड, ढ, य आणि ष ही अक्षरे त्या बाजूच्या कळांवर बसतात. खिशातल्या कळफलकात नेमक्या ह्याच कळांना जागा उरत नाही. यादीतला ‘य’ आणि चिटणीसातला ‘च’ व ‘ट’ वगळून कोणती समिती चालावी? फोनमध्ये भारतीय भाषांची सोय होती, हे मान्य. तथापि क्वेर्टीची मांडणी मुळात रोमन लिपीची, आणि बोट सोपी वाट धरते.

मामांनी तीच धरली. ज्या गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापराचीही तरतूद केली, त्या गोव्यात आयुष्यभर देवनागरीचा कैवार घेतलेल्या ह्या गृहस्थांचे निरोप रोमन लिपीत येऊ लागले. आम्ही एकदा त्यांना तसे बोलून दाखविले. ‘अरे, लिहितो तरी आहे ना!’ एवढेच ते म्हणाले. ह्यावर आमच्यापाशी प्रतिवाद नव्हता, आजही नाही.

गेल्या उत्सवात त्यांचा निरोप आला, त्यात के, ए, एल, ए ही चार रोमन अक्षरे आणि पुढे चारचा आकडा होता. कला, कळा, काला, काळा, चारही शब्द त्यातून निघतात. आम्ही कलेचा कार्यक्रम समजून सावकाश गेलो. काला आटोपला होता, आणि मामांनी आमच्या वाटणीचा द्रोण झाकून ठेवला होता.