सामुदायिक आरोग्य आणि जातवास्तव : जामखेड प्रकल्पाचा पुनर्विचार

प्राथमिक आरोग्यसेवेची चर्चा बहुधा दवाखाने, औषधे व मनुष्यबळ यांभोवती फिरते; सामाजिक विषमतेचा प्रश्न दुय्यम ठरतो. या दृष्टीने डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) येथे सुरू केलेला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प पुन्हा अभ्यासण्याजोगा आहे.

कूपनलिका दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरल्याने सवर्णांना पाण्यासाठी तेथे जावे लागले. आरोग्यसेविकांपैकी अनेक दलित व निरक्षर होत्या. प्रशिक्षणात विविध जातींच्या स्त्रिया एकत्र राहिल्या, जेवल्या. अशा सेविकेच्या हातून सवर्ण घरातील बाळंतपण होणे ही केवळ वैद्यकीय घटना नव्हती. अस्पृश्यतेच्या धारणेलाच तो छेद होता.

२००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ योजनेने गावातीलच स्त्री निवडण्याचे तत्त्व स्वीकारले. तथापि शिक्षणाची अट आणि कामनिहाय मोबदला यांवर भर दिला. त्यामुळे लसीकरण व दवाखान्यातील प्रसूती यांची नोंद होते; सेविकेला कोणत्या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबावे लागते, याची नोंद मात्र मोबदल्याच्या तक्त्यात बसत नाही.

जामखेडचे यश समर्पित नेतृत्वावर विसंबून होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु सोयींसाठी वंचित वस्तीची निवड आणि सहनिवासी प्रशिक्षण शासनालाही अशक्य नाही. सारांश, शासनाने जामखेडची सेविका घेतली. तिला प्रतिष्ठा देणारी सामाजिक प्रक्रिया मात्र मागे राहिली, असे म्हणावे लागते.