नाणे हातात घेऊन पाहण्याची जागा

शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा लेख असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र हा लेख एकाच नाण्यावर पूर्ण उमटलेला क्वचितच आढळतो. ठसा हाताने मारला जाई आणि तांब्याची चकती बऱ्याचदा ठशाहून लहान असे. त्यामुळे एका नाण्यावरून ‘श्री’ निसटते, तर दुसऱ्यावरून ‘पति’. अक्षरांची वळणे, बिंदूंची किनार, दुदांडी शिवराईवरच्या आडव्या रेघा, हे सारे पाचपन्नास नाणी शेजारी मांडल्यावर उलगडते. संग्राहकांच्या प्रदर्शनांचे मोल माझ्या लेखी यात आहे.

ही प्रदर्शने आजही भरतात. पण मी पाहिलेल्या प्रदर्शनांत मांडणीच्या चौकटी कमी होत गेल्या आणि विक्रीची टेबले वाढली. आता विक्रेतेही टेबलाचे भाडे भरण्याऐवजी फोनवर छायाचित्र टाकणे पसंत करतात. १९९५ साली अमेरिकेत ‘ईबे’ सुरू झाले, २००४ मध्ये त्याने ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेऊन भारतात पाय रोवले. पुढे हा व्यवहार फोनवरच्या गटांत शिरला.

या बदलाला निव्वळ ऱ्हास म्हणणे मला पटत नाही. पूर्वी भाव ठरावीक व्यापाऱ्यांच्या मुठीत असे. नवखा ग्राहक नाडला जाई. आज लिलावातल्या किमती गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यालाही दिसतात. हा लाभ मोठा आहे.

परंतु छायाचित्राला वजन नसते. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ राहते, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरे बोथट असतात. टेबलावरचा तराजू आणि भिंग ही लबाडी उघडी पाडू शकतात. फोनवरच्या धूसर चित्रात ती सहज लपते. शिवाय विक्री झाली की चित्रही अनेकदा काढून टाकले जाते, आणि नाण्याची नोंद कुठेच उरत नाही.

याहून गंभीर प्रश्न प्राप्तिस्थळाचा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ‘हे कुठे मिळाले?’ हा प्रश्न प्रदर्शनांतही टाळला जात असे, हे मान्य केलेच पाहिजे. तरी तिथे विचारणारा आणि विकणारा समोरासमोर असत. इतिहासाच्या दृष्टीने प्राप्तिस्थळ हरवलेले नाणे अर्धे मुके होते.

म्हणून संग्राहक-संस्थांकडे माझी मागणी साधी आहे. प्रदर्शनाचा निम्मा भाग विक्रीविना राखावा. मांडलेल्या प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास आणि प्राप्तिस्थळ नोंदवून सूची छापावी. तीच सूची छायाचित्रांसह इंटरनेटवर खुली करावी. तेवढे झाले नाही, तर उद्याच्या अभ्यासकाला शिवराईच्या किमती सापडतील, पण तिच्या टांकसाळींचा माग काढता येणार नाही.