उरलेली पाने
जर्मनीत नेकार नदीच्या खोऱ्यावर उभा असलेला हायडेलबर्गचा किल्लेवजा राजवाडा मी जुनी पोथी वाचावी तसा पाहिला. १५५६ साली ऑटहाइनरिशने आरंभिलेल्या महालाच्या दर्शनी भिंतीवर बायबलातला शमशोन नि ग्रीकांचा हर्क्युलस शेजारी नांदतात. १६८९ व १६९३ मध्ये फ्रेंच फौजांनी राजवाडा उद्ध्वस्त केला. १७६४ साली त्यावर वीज कोसळली. आता वरच्या खिडक्यांतून आभाळ दिसते. शेजारचा फ्रीडरिश महाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने सजविला. तो देखणा खरा. पण त्याच्या अंगावर भोगल्याची खूण नाही. ऑटहाइनरिशचा महालही पुन्हा उभारावा, या आग्रहाला कलेतिहासकार गेओर्ग देहिओ यांनी १९०१ मध्ये विरोध केला. मला त्यांचेच पटते. पोथीची हरवलेली पाने पदरची लिहून घालू नयेत, उरलेली जपावीत.