अमोनियावरचा आरोप

तान्ह्या बाळाच्या मांड्यांवर, ढुंगणावर लाल चट्टे उठले की घरोघरी एकच निदान होते : 'शू लागली.' शिकलेल्या घरात त्याला रसायनशास्त्राची जोड मिळते. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो, अमोनिया अल्कधर्मी असतो, म्हणून त्वचा भाजते. युरियाच्या विघटनाचे उदाहरण म्हणून वर्गात सांगायलाही हे सोयीचे. स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, पण ते अर्धेच खरे आहे.

या समजुतीला शास्त्रीय बळ मिळाले ते १९२१ साली. अमेरिकेतील कुक यांनी अशा बालकांच्या विष्ठेतून युरियाचे अमोनियात रूपांतर करणारा जीवाणू वेगळा केला. रात्रभराचा लंगोट सकाळी सोडताना येणारा उग्र दर्प तर सर्वांच्याच ओळखीचा. पुरळ आहे, वासही आहे. मग वासाचा पदार्थच पुरळ आणत असणार!

पण ज्या बाळांना पुरळ नाही, त्यांच्या लंगोटाला वास येत नाही काय? हा साधा प्रश्न नीट तपासला गेला तो १९७७ मध्ये. लेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बाळांची तुलना केली, तेव्हा अमोनियाच्या बाबतीत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

मग त्वचा सोलवटते कशाने? १९८६ मध्ये बर्ग व सहकाऱ्यांनी केसरहित उंदरांवर प्रयोग करून याचे उत्तर पुढे आणले. ओलाव्याने त्वचा आधीच भिजून मऊ पडते आणि कापडाच्या घर्षणाने दुखावते. त्यात शू व शी एकत्र आली की शीतील जीवाणूंमुळे युरियापासून अमोनिया होतो आणि सामू वाढतो. वाढत्या सामूत शीतीलच प्रथिने व मेद पचवणारी विकरे जोमाने काम करू लागतात, आणि त्वचेवरच घाला घालतात. म्हणजे अमोनिया प्रत्यक्ष मारेकरी नव्हे. तो दुसऱ्याच्या हाती शस्त्र देतो.

हा केवळ शब्दच्छल आहे काय? नाही. निदान बदलले की उपाय बदलतो. जीवाणू हाच शत्रू मानला, की लंगोट जंतुनाशकात बुडवण्याचा मोह होतो. १९६७ मध्ये सेंट लुईसच्या एका छोट्या रुग्णालयात धुलाईत वापरलेल्या पेंटाक्लोरोफिनॉलयुक्त रसायनाने नऊ नवजात बालके आजारी पडली, दोन दगावली. १९८०च्या सुमारास ब्युनोस आयर्समध्ये एका धुलाई केंद्राने लंगोटांना पाऱ्याचे संयुग वापरले. हजारो बाळांच्या शरीरात त्वचेवाटे पारा गेला. भिजलेली, झाकलेली त्वचा बाहेरचे पदार्थ सहज आत घेते, हे विसरले गेले होते.

नव्या स्पष्टीकरणाकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. १९८६च्या संशोधनात डायपर बनवणाऱ्या कंपनीतील शास्त्रज्ञ होते. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. परंतु 'म्हणून महागडे डायपर घ्या' असा अर्थ काढण्याचेही कारण नाही. सुती लंगोट शी-शू होताच बदलला, तर विकरांना वेळच मिळत नाही. महागडा डायपर तासन्तास तसाच ठेवला, तर शी त्वचेलाच चिकटून राहते.

तेव्हा उपाय साधेच. लंगोट लगेच बदलावा, साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावे, टिपून कोरडे करावे, थोडा वेळ बाळाला उघडे ठेवावे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर द्यावा. बोरिक पावडर लावू नये. ते विष आहे. लाली जांघेच्या घड्यांत शिरून कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या, तर कँडिडा बुरशीचा संशय धरून डॉक्टरांना दाखवावे. घरात पडलेले स्टेरॉइडचे मलम मात्र स्वतःच्या मनाने लावू नये.

वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे, पण सुधारून. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना इतक्या जवळच्या दाखल्यातून क्वचितच सांगता येते. आणि लाल चट्टे दिसताच बाळाच्या आईला 'स्वच्छता ठेवत नाहीस' म्हणून बोल लावणाऱ्या घरांत हा धडा पोहोचला, तर तो सर्वांत मोठा लाभ ठरेल.